आप्पा आणि माझ्या लग्नाची कॅसेट

पिक्चरमध्ये हिरोची आई मरो, बहीण मरो, शेवटी हिरो स्वतः मरो, आप्पा जागचा हलायचा नाही. पण पडद्यावर एक पांढरी रेघ वरून खाली सरकली की हा माणूस बाकावरून ताडकन उठायचा आणि मागं वळून गरजायचा, "भरत, थांबव. माल खराब आहे." लोक गाण्यात रंगलेले असायचे. ते आप्पाला शिव्या घालायचे. मीही घालायचो, पण तोंडातल्या तोंडात, कारण मी त्याच्या शेजारीच बसायचो आणि आप्पाचा हात लांब होता.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भरतभाईची पत्र्याची खोली होती. आत एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि बाकडी. मिलला सुट्टी असली की दुपारी आम्ही सगळे खान्देशी तिथं कोंबलेलो. थेटरात नवा लागलेला पिक्चर दोन दिवसांत भरतभाईकडे हजर. कसा? तर कोणीतरी थेटरात कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचा आणि पडद्याचंच शूटिंग करायचा. त्यामुळं हिरो-हिरोइनीच्या मधून एखादा माणूस समोसे घेऊन जाताना दिसायचा. मी पडलो अडाणी, मला वाटलं हाही स्टोरीतलाच. एकदा तर मी पिक्चर संपेपर्यंत वाट बघत बसलो, की हा समोसेवाला परत कधी येतो आणि खून यानंच केला का. आप्पाला विचारलं तर म्हणला, "खून त्यानं नाही केला, या कॅमेरेवाल्यानं केला. पिक्चरचा."

आप्पा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये चेकर होता. छापून, धुवून, वाळवून आलेली साडी एका तिरप्या टेबलावरून सरकत जायची, टेबलाला काच, काचेखाली ट्यूबलाइट. आप्पा पुढ्यात उभा. डाग दिसला, रेघ दिसली, रंग इकडचा तिकडे झालेला दिसला की साडी बाजूला, सेकंडच्या मालात. आठ तास हेच. असा माणूस संध्याकाळी घरी आला तरी त्याच्या डोळ्यांची ड्यूटी सुटायची नाही. भाकरीत बघायचा, भिंतीत बघायचा, माझ्या तोंडात बघायचा. मला म्हणायचा, "भोंग्या, तुझी डावी नाकपुडी उजवीपेक्षा खाली आहे. तू पण सेकंडचाच माल."

भोंग्या म्हणजे मी. सतत बोलतो म्हणून. आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याच मिलमध्ये छपाईच्या टेबलावर. साडी टेबलावर ताणून चिकटवलेली, तिच्यावर स्क्रीनची चौकट ठेवायची, रंग ओढायचा, चौकट उचलायची, पुढं सरकायचं. एक रंग झाला की दुसऱ्या रंगाची चौकट बरोबर त्याच जागी बसवायची. हे 'बरोबर' माझ्याच्यानं कधी जमलं नाही. पान हिरवं पाहिजे तर अर्धं पान हिरवं आणि अर्धा हिरवा हवेत. माझा माल आप्पाकडे गेला की तिकडून आवाज यायचा, "हे कुणाचं काम?" सगळी मिल एका आवाजात माझं नाव घ्यायची. मॅनेजरला माझं नाव माहीत नव्हतं, पण माझी चूक तो लांबून ओळखायचा.

याच माझ्या हातानं माझ्या लग्नाच्या आधी एक अख्खा लॉट वाया गेला. निळ्या साडीवर लाल फूल होतं. लाल फुलाच्या बाहेर पडलं. एकाच साडीत नाही, सगळ्यांत. आप्पानं लॉट बाजूला काढला आणि शेठनं तो कामगारांना कवडीमोलानं वाटून टाकला. आप्पाची बायको, आमची कमलवहिनी, हुशार बाई. तिनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना गोळा केलं आणि ठरवलं की भोंग्याच्या लग्नात सगळ्यांनी हीच साडी नेसायची. नवरदेवाच्या हातची आहे म्हणली. झालं, माझ्या लग्नात अख्खी गल्ली माझी चूक नेसून आली. मी बोहल्यावर उभा, आणि जिकडं बघावं तिकडं लाल फुलाच्या बाहेर.

त्या लग्नाचं शूटिंग भरतभाईनं केलं. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, सोबत डोळे दिपवणारा लाइट. गल्लीतलं व्हिडिओवालं पहिलं लग्न माझं, त्यामुळं गल्लीला माझी लाज कायमची साठवता आली. त्या कॅसेटमध्ये मी मुंडावळ्यांचं टोक चघळतोय. मंगलाष्टकं चालू असताना मला शिंक येते आणि अंतरपाट हलतो. शोभा, म्हणजे माझी बायको, हार घालते तेव्हा मी घाबरून मान मागं घेतो, जशी काय ती फास घालतेय. शोभा म्हणते, तुमचा अंदाज तेवढा एकदाच बरोबर निघाला.

आणि त्याच कॅसेटमध्ये कमलवहिनी होती. बायकांची रांग बसलेली, गाणी म्हणताहेत, भरतभाई लाइट घेऊन एकेकीवरून सरकतोय. वहिनीवर लाइट आला तशी ती हात आडवा धरते, हसते आणि म्हणते, "बंद कर ना रे भो तुना लाइट, मना डोया फुटी ग्यात." मग हात खाली घेते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. बस, तेवढंच. चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ.

त्यानंतर वर्षभरात वहिनी काविळीनं गेली. पोरगी वंदना तेव्हा नुकती चालायला लागलेली. आप्पानं तिला अमळनेरकडे आजीकडे ठेवलं, कारण मिलमध्ये उभा राहणार का पोर सांभाळणार. वहिनीचा फोटो म्हणाल तर एकच, आप्पाच्या लग्नातला. त्यात पदर नाकापर्यंत आणि मान खाली. फोटोत फक्त आप्पा दिसतो, तोही रागावलेला. म्हणजे या जगात कमलवहिनीचं तोंड उरलं होतं ते माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये.

आप्पा अधूनमधून भाड्यानं व्हीसीआर आणायचा आणि मला हाक मारायचा, "भोंग्या, तुझं लग्न घेऊन ये." मी कॅसेट घेऊन जायचो. आप्पा मला पळवायचा. शिंक पळाली, हार पळाला, सप्तपदी तर अशी पळाली की वाटावं मागं कुत्रं लागलंय. माझं स्वतःचं लग्न मी आप्पाच्या घरी कधी धड बघितलं नाही. वहिनी आली की तो थांबवायचा. चित्र थरथरत उभं राहायचं आणि आप्पा त्याच्यासमोर, टेबलावर साडी आल्यासारखा. त्या चित्रात त्याला कधी डाग दिसला नाही.

वंदना उन्हाळ्यात सुरतला यायची. तिला त्यानं कॅसेट कधी दाखवली नाही. शोभा त्याच्याशी भांडायची, "अहो आप्पा, पोरीला आईचं तोंडसुद्धा आठवत नाही, दाखवा तरी." आप्पा म्हणायचा, "लहान आहे. रडेल आणि गावी जाऊन एकटीच रडत बसेल. दहावी झाली की कायमची इथं आणणार आहे. तेव्हा मी शेजारी बसेन आणि दाखवीन." हे त्याचं पक्कं ठरलेलं. वरच्या फळीवर साखरेचा डबा ठेवावा तसं त्यानं ते पोरीसाठी राखून ठेवलं होतं.

तोपर्यंत सीड्या आल्या. भरतभाईनं बाकडी विकली, पत्रे काढून काच लावली आणि काचेवर रंगीत अक्षरात 'डिजिटल' लिहून घेतलं. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती. मी विचारलं तर म्हणला, "भोंग्याभाई, एनो अर्थ, कभी खराब नहीं होगा." उद्घाटनाला त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि सीडीवर पिक्चर लावला. आप्पानं हाच पिक्चर थेटरात बघितलेला. तो टीव्हीला नाक लावून उभा राहिला. हिरो पळाला की त्याच्या तोंडाच्या चौकड्या व्हायच्या. पाय पुढं गेला तरी त्याचे चार तुकडे मागं राहायचे. धुरात तर सगळ्या फरश्याच बसवल्यासारख्या. लोक टाळ्या पिटत होते, रेघ नाही, खरखर नाही म्हणून. मीही पिटल्या. मला सगळंच चांगलं दिसतं, म्हणून तर माझा माल परत यायचा.

आप्पा म्हणला, "थेटरातल्या पिक्चरमध्ये सूत दिसतं. गालावरची लव दिसते. कॅसेट म्हणजे धुवून धुवून विटलेलं कापड, पण माणूस ओळखू येतो. आणि हे काय आहे? तोंड खोडून वर चौकड्या छापल्यात."

"अरे आप्पा, एमां शुं? चालशे," भरतभाई म्हणला.

या 'चालशे'चा मला आजही राग येतो. कुणाचं चालतं? गरिबाचं चालतं. भरतभाईच्या घरी जेवणात खडा निघाला तर चालत नव्हता, शर्टाची इस्त्री मोडली तर चालत नव्हती. आमच्या गल्लीत मात्र पाणी गढूळ आलं तरी चालशे, नाली तुंबली तरी चालशे, पिक्चर धुरकट असला तरी चालशे. आम्ही आठ तास उभे राहून जगाच्या साड्या निर्मळ करणार आणि आमच्या वाट्याला आलेलं सगळं सेकंडचं. आप्पाला लोक खवीस म्हणायचे. मीही म्हणायचो. पण सगळ्या गोडादऱ्यात 'नाही चालणार' म्हणणारा तो एकटाच होता.

पण कॅसेट घासत चालली होती. आणि घासली कुठं, तर जिथं आप्पा थांबवायचा बरोबर तिथंच. बाकी लग्न टकाटक, माझी शिंक काल आल्यासारखी ताजी, आणि वहिनीवर पांढऱ्या रेघा. ते दिसलं त्या दिवशी आप्पानं सदऱ्याच्या टोकानं टीव्हीची काच पुसून बघितली. मग म्हणला, "मीच पुसली रे हिला." त्यानंतर त्यानं कॅसेट लावणं बंद केलं. वंदनाची दहावी त्याच वर्षी होती.

म्हणून तो भरतभाईकडे गेला. मीही गेलो सोबत. भरतभाई म्हणला, सीडी करून घ्या, एकदा केली की हजार वेळा बघा, घासणार नाही. आप्पानं तीन-तीनदा सांगितलं, "सीडी कर, पण कॅसेट जशीच्या तशी परत पाहिजे." भरतभाईनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. मला त्या गळ्याकडे तेव्हाच नीट बघायला पाहिजे होतं.

सीडी आली. प्लेअरही भरतभाईचाच, भाड्याचा. आप्पानं आधी एकट्यानं बघायचं ठरवलं, म्हणजे मी आणि तो. मी स्वच्छ दिसलो. इतका स्वच्छ की मला मीच आवडेनासा झालो. मग बायकांची रांग आली. आवाज होता, "बंद कर ना रे भो" ऐकू आलं, हात आडवा आला, खाली गेला. आणि हाताच्या मागं काहीच नव्हतं. म्हणजे तोंड होतं, पण गव्हाच्या पिठाच्या गोळ्यासारखं. डोळे दोन सावल्या. ठिपके नाहीत, हनुवटीच नाही. लाइट अंगावर, रेघा वरून, आणि त्या यंत्रानं रेघांसकट सगळं सारवून टाकलेलं. आप्पानं थांबवलं तर चौकड्या आणखी मोठ्या झाल्या.

"हाई कोण शे?" आप्पा म्हणला. रागात त्याला अहिराणीच यायची. "भोंग्या, हाई कोण बाई शे?"

मी सीडी काढून त्याच्या हातात दिली.

तसेच उठून आम्ही दुकानात गेलो. आप्पा म्हणला, "ही सीडी ठेव तुझ्याकडे. माझी कॅसेट दे." भरतभाईनं लगेच काढून दिली. लेबल तेच, माझं आणि शोभाचं नाव, वर गणपतीचं चित्र. आप्पा म्हणला, लावून दाखव. भरतभाई म्हणला, कशाला. आप्पा म्हणला, लाव. लावली, तर आत कुणाच्या तरी बंगल्यातलं डोहाळजेवण. झुल्यावर बसलेली पोरगी, भोवती सोन्यानं लगडलेल्या बायका. माझी शिंक नाही, हार नाही, रांग नाही, वहिनी नाही.

भरतभाईला जराही शरम नव्हती. म्हणला, एका शूटिंगला कॅसेट कमी पडली, ही घासलेलीच होती, सीडी तर करून दिली, आता कॅसेटचं काम काय. "आप्पा, गुस्सा शुं काम करो छो? इतना किसको दिखता है?"

आप्पानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा लांब हात चालणार. पण हात चालला माझा. मी भरतभाईच्या थोबाडीवर अशी ठेवून दिली की ती त्याच्या शेजारच्या सीड्यांच्या गोल स्टँडला लागली. स्टँड फिरलं, माझ्यावर आलं, सीड्या सांडल्या, त्यांच्यावरून माझा पाय घसरला आणि मी हनुवटीवर आपटलो. भरतभाईनंच मला उठवलं आणि पाणी दिलं. मी ते प्यायलोही. ज्याला मारायला गेलो त्याच्याच हातचं पाणी पिणारा सबंध सुरतेत मीच असेन. पण राग गेला नाही. हनुवटी भरली, राग तसाच राहिला. पोलिसात जाऊ म्हणलं तर आप्पा म्हणला, "जाऊन काय सांगू? बायको चोरीला गेली म्हणू?"

आप्पानं सीडी उचलली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि घरी आला. टाकवत नव्हती.

दहावीची परीक्षा झाली आणि वंदना आली. उंच, सडपातळ, बोलायला कमी. आल्या आल्या तिनं मला आणि शोभाला वाकून नमस्कार केला आणि आप्पाला म्हणली, "आप्पा, आता दाखवा. आजी म्हणायची, दहावी झाली की सुरतला आई दिसंल." आता काय सांगणार. आप्पानं प्लेअर आणला. दुपारची वेळ, दार लावलेलं, आप्पा तिच्या शेजारी खाटेवर, मी आणि शोभा खाली.

या वेळी त्यानं मला पळवलं नाही. पोरगी माझ्या शिंकेला हसली, हाराला हसली. मी मुद्दाम जास्त बडबड केली, हे बघ मी काय चघळतोय, हे बघ काका कसा घाबरला. मला वाटत होतं लग्न संपूच नये. मग बायकांची रांग आली. सगळ्या एकाच निळ्या साडीत, सगळ्यांवर तेच लाल फूल, आणि सगळ्यांची तोंडं सारवलेली. वंदना पुढं सरकली आणि टीव्हीवर बोट ठेवून म्हणली, "ही ना?"

बोट माझ्या मोठ्या बहिणीवर होतं.

"नाही, बाजूची," आप्पा म्हणला.

तोवर लाइट पुढं सरकला होता. आप्पानं मागं घेतलं. वंदनानं पुन्हा बोट ठेवलं, आता दुसऱ्या बाजूच्या बाईवर. शोभानं तोंडाला पदर लावला. आप्पा म्हणला, "आता हात आडवा करील बघ, ती." हात आडवा झाला. आवाज आला. हात खाली गेला. वंदना बघत राहिली. मग तिनं बोट काढून घेतलं, मागं सरकून आप्पाच्या खांद्याला टेकली आणि म्हणली, "हां, दिसली. किती छान आहे."

"आहे ना?" आप्पा म्हणला.

"हो. अगदी स्पष्ट दिसली."

आप्पानं मान हलवली. टीव्ही बंद केला आणि शोभाला चहा टाकायला सांगून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेलो. समोर भरतभाईचं दुकान, काचेवर ऊन. मी अजून तापलेलाच होतो. शेवटी म्हणलं, "आप्पा, जाऊ द्या. तिला दिसली ना."

"नाही दिसली."

"ती म्हणली की दिसली."

"कमल अशीच होती," आप्पा म्हणला. "कधी मी भाजी केली आणि करपवली तरी मला वाईट वाटू नये म्हणून गोड लागली म्हणायची. तोंडावर खोटं बोलायची आणि डोळा हलायचा नाही."

आतून वंदनानं हाक मारली, "आप्पा, चहा झाला." आप्पा उठला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग तो उठला, धोतरानं डोळे पुसले आणि दारातून आत पोरीच्या तोंडाकडे बघत राहिला, खूप वेळ, ती लाजेपर्यंत.

आप्पा पुढं गावी परतला आणि तिकडंच वारला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भरतभाईचं दुकान मोठं झालंय. मी त्याच्या दुकानावरून जातो तेव्हा तो आतून हात करतो, कसं काय भोंग्याभाई. मी हात करत नाही. शोभा म्हणते, इतकी वर्षं झाली, सोडा आता, चालतं.

मी तिला सांगितलंय, या घरात तो शब्द बोलायचा नाही.